रातकिडे, बॉयलर आणि मामांचा डबा

काशिनाथ धोंडू पाटील, राहणार दिघाशी, काम सायझिंगमध्ये बॉयलर सांभाळणं, यांच्यावर सोमवारी दुपारी दोन वाजता अन्याय झाला. वेळ मी अंदाजानं लिहीत नाही. दोनच्या चहाला सुपरवायझर बॉयलरपाशी आला, तेव्हा त्यांनी त्याच्याकडे बदली माणूस मागितला, आणि "बदली नाही, आठपर्यंत ओढा कसंतरी" असं उत्तर मिळालं. हे ऐकणारे तिघे होते. तिघांनीही मला सांगितलं आणि तिघांनीही लिहून द्यायला नकार दिला. मी गेली काही वर्षं भिवंडीतल्या कामगारांच्या आजारपणावर पत्रकं लिहिते आणि वाटते. अन्याय कोणावर, कधी, कोणी केला, या क्रमानं लिहायची हाताला सवय झाली आहे. या वेळी 'कोणी' या जागी दोन माणसं आहेत. एक सुपरवायझर. दुसऱ्या माणसाबद्दल ओघात लिहीनच, टाळणार नाही. काशिनाथ पाटील माझे सख्खे मामा होते. बुधवारी पहाटे ते गेले. त्याला आता सात आठवडे झाले.

बातमी आली तेव्हा मी मानकोलीला होते. मंगळवारची दुपार, गोदामांच्या गेटवर पिण्याच्या पाण्याबद्दलचं पत्रक वाटत होते. सायझिंगमधल्या मुश्ताकभाईंचा फोन आला. मुश्ताकभाई म्हणजे मामांच्या बॉयलरच्या वाफेवर चालणारं खळीचं मशीन सांभाळणारा माणूस. दोघं एका छताखाली अठरा वर्षं. एरवी ते फोनवर आधी माझी, मग आईची, मग आमच्या मांजराची खबर घेतात. त्या दिवशी एवढंच म्हणाले, "बेटी, काशीभाई गिर गए. बॉयलर के पास. हम लेके जा रहे हैं, तू आ." मी विचारलं, भाजलेत का? ते म्हणाले, "नहीं, नहीं... जले नहीं. बस बैठे-बैठे गिर गए." मला त्या क्षणी बरं वाटलं. भाजलं नाही ना, मग ठीक, असं वाटलं. रिक्षात बसून पत्रकांचा गठ्ठा मांडीवर घेऊन मी अर्धा तास बऱ्यापैकी निवांत होते, हे आज लिहिताना लाज वाटते.

ज्यांनी सायझिंग पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. लूमवर चढण्याआधी सुताला खळ पाजावी लागते, नाहीतर ते तुटतं. खळ शिजवायला आणि खळ लागलेलं सूत वाळवायला वाफ लागते. वाफेसाठी बॉयलर, आणि बॉयलरच्या पोटात लाकूड घालायला एक माणूस. धामणकर नाक्याच्या मागच्या बाजूच्या एका शेडमध्ये तो माणूस म्हणजे माझे मामा. बॉयलर असा टाकून उठता येत नाही. पाण्याची पातळी, दाब, आग, तिन्हींवर डोळा हवा, आणि डोळा चुकला तर शेडमधल्या सगळ्यांचा जीव जातो. मामा लघवीला जातानाही मुश्ताकभाईंना हाक मारून जायचे. गावी शेती होती थोडी, ती भाऊ बघायचा. मामा दहावी झालेले, बॉयलरची परीक्षा पास केलेले, आणि त्या परीक्षेचा कागद प्लॅस्टिकमध्ये घालून शेडमध्ये टांगलेला. "आमच्या घरात शिकल्याला मी एकच," असं म्हणायचे. मी बी.एस्सी. झाल्यावरही म्हणायचे. "तुझं शिक्षण वायलं, बाय. माझ्या शिक्षणावर वाफ व्हते."

माझ्या पत्रकांची ते मनापासून थट्टा करायचे. 'ताप लपवू नका' हे माझं पहिलं पत्रक. त्याच्या उरलेल्या प्रती मी त्यांच्याकडे ठेवल्या होत्या. महिन्यानं मागायला गेले तर म्हणाले, "सकाळी आग धरत न्हवती. तुझे कागद बेस पेटतात गं, शाई जास्त हाय त्यांत." मी चिडले. मग त्यांनी खिशातून एक प्रत काढून दाखवली, चार घड्या घातलेली, आणि म्हणाले, "एक ठेवलाय ना. वाचलाय पण. ताप लपवू नका म्हनतेस, बरोबर हाय. पन हजेरी बुडते, म्हनून लपवतात. ते कुठं लिवलंयस?" ते मी लिहिलं नव्हतं. दुसऱ्या आवृत्तीत लिहिलं.

ताप लपवणारा माणूस ओळखायची मामांची स्वतःची एक रीत होती, आणि ती त्यांना रातकिड्यांनी शिकवली. बॉयलरसाठी ओंडक्यांचा ढीग येतो, त्यातून रातकिडे येतात. ढिगाच्या आत कायमचा अंधार, म्हणून ते भर दुपारीही गात असतात. मशीनची धडधड थांबली की ऐकू येतं. मामांचं बसणं त्या ढिगाशेजारी, त्यामुळे कोण कुठून गातो हे त्यांना पाठ होतं. मी दुसऱ्या वर्षाला असताना एकदा त्यांनी मला बॉयलरच्या विटांच्या भिंतीजवळ नेलं आणि बोट दाखवलं. एक रातकिडा भिंतीला चिकटून बसलेला. ती भिंत हात टेकवता येईल, पण थोड्या वेळानं काढावासा वाटेल इतकी गरम असते. "हा बघ. परवापासून गात न्हाय. खात पन न्हाय, काकडीची फोड टाकली ती तशीच. पोट बघ कसं फुगलंय. निरोगी असता तर लाकडात गारव्याला बसला असता. आजारी पडला का येतो भिंतीला. मी लई वरसं बघतोय."

मी तो रातकिडा काडेपेटीत घालून कॉलेजात नेला. आमच्या मॅडमनी स्लाइड बघितली आणि म्हणाल्या, जिवाणूंचा संसर्ग दिसतोय, नाव सांगायला मोठी प्रयोगशाळा लागेल. मग त्यांनी जे समजावलं ते मी मामांना जाऊन समजावलं. माणसाला ताप आतून येतो. किड्याला ती सोय नसते, बाहेर जेवढी ऊब तेवढं त्याचं अंग. म्हणून काही जिवाणू अंगात शिरले की काही किडे आपले पाय उचलून उबेकडे जातात आणि तिथे बसून राहतात. ताप त्यांना असा बाहेरून आणावा लागतो. अंग तापलं की त्या जिवाणूला जड जातं, किडा वाचायची शक्यता वाढते. खाणं सोडणं हाही त्यातलाच भाग असू शकतो. हे सगळ्या किड्यांत दिसत नाही आणि प्रत्येक जिवाणूपुढे चालत नाही, पण रातकिड्यांत आणि झुरळांत हे पाहिलं गेलंय. मामा लक्ष देऊन ऐकत होते. मग त्यांनी असा प्रश्न विचारला की मला परत मॅडमकडे जावं लागलं. "हा जातो उबेला, का तो आतला जंतू याला नेतो?" मॅडम म्हणाल्या, दोन्ही प्रकार असतात, काही जंतू किड्याला आपल्या सोयीनं वागवतात. पण इथं ऊब जंतूला सोसत नाही, म्हणजे हे किड्याचंच वागणं. मामा खूश झाले. "म्हंजे याला कळतं, आपन आजारी हाव." मी म्हटलं, "कळत नसतं मामा. पाय नेतात." त्यांनी ते दोन शब्द उचलले. पुढे कितीदा तरी म्हणायचे... पाय नेतात.

शेडमध्ये बॉयलरच्या भिंतीपासून दोन हातांवर चुन्याची एक रेघ होती. रेघ सुरक्षेची, पलीकडे जायचं नाही म्हणून. दसऱ्याला बॉयलरची पूजा झाली की मामा ती नव्यानं ओढायचे, सुंभाचं टोक चुन्यात बुडवून, सरळ, एका दमात. त्या रेघेचा त्यांनी दुसराच उपयोग काढला. उन्हाळ्यात, भट्टीच्या शेजारी, शहाणा माणूस रेघ ओलांडून भिंतीपाशी जात नाही. जो जातो, गमछा वाळवायचं निमित्त करून पाठ टेकतो, त्याला ताप. मामा उठायचे, हात मागून त्याच्या मानेला लावायचे आणि म्हणायचे, चला. मुश्ताकभाईंना त्यांनी असंच पकडलं होतं. मुश्ताकभाई ती गोष्ट सगळ्यांना सांगतात. "मैं बोला, काशीभाई, कपड़ा सुखा रहा हूँ. ये बोले, कपड़ा तो सूखा है, आदमी गीला है, चल." मलेरिया निघाला होता. सुपरवायझर ओरडला, मशीन कोण चालवणार. मामा म्हणाले, मशीन चालायला वाफ लागते, आणि वाफ माझ्याकडे आहे. अर्धा तास त्यांनी दाब उतरवून ठेवला. मुश्ताकभाई घरी गेले, आणि त्यांची हजेरीही लागली. माझ्या सगळ्या पत्रकांनी मिळून जेवढं काम केलं असेल, तेवढं त्या अर्ध्या तासानं केलं.

आता सोमवार.

त्याआधीच्या शुक्रवारी ओंडका फोडताना लाकडाची एक ढलपी मामांच्या नडगीत घुसली होती. त्यांनी ती उपटून काढली, हळद दाबली, वरून फडकं बांधलं. हे मला नंतर कळलं. सोमवारी मी तीन वाजता शेडमध्ये गेले, म्हणजे बदली नाकारली त्यानंतर तासाभरानं. जाण्याचं कारण माझं होतं. नव्या पत्रकाचा मजकूर त्यांना वाचून दाखवायचा होता, कारण काय कच्चं आहे ते त्यांना बरोबर कळायचं. मामा भिंतीला टेकून बसले होते. त्यांचं लोखंडी स्टूल एरवी रेघेच्या अलीकडे, ढिगाकडे तोंड करून असायचं. त्या दिवशी ते रेघेच्या पलीकडे होतं आणि मामांची पाठ विटांना लागलेली होती. मी हे पाहिलं. पाहिलं नाही असं मी म्हणू शकत नाही, कारण मी वर म्हटलंसुद्धा, "काय मामा, आज भिंतीला?" ते म्हणाले, "जरा गार वाटतंय." बाहेर रस्त्यावरचं डांबर पायाला चिकटत होतं. मी हसले. बॉयलरवाला बॉयलरला टेकला, यात मला काही विचित्र वाटलं नाही. त्याची जागाच ती.

मी वाचायला लागले. ते मध्ये एकदाही बोलले नाहीत. थट्टा नाही, 'हे कुठं लिवलंयस' नाही. मला वाटलं, मजकूर जमलाय. मग त्यांनी पायानं डबा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "खा बाय. मला न्हाय भूक." डब्यात तांदळाच्या भाकऱ्या होत्या आणि सुक्या जवळ्याची चटणी. मी सकाळपासून नाक्यावर उभी होते, सडकून भूक लागली होती. मी खाल्लं. सगळं खाल्लं, बोटानं चटणी पुसून खाल्ली, आणि खाता-खाता कामगारांच्या आरोग्याच्या हक्कांवर बोलत राहिले. डबा नळाखाली धुऊन त्यांच्या पिशवीत ठेवला. मी निघताना मामा म्हणाले, "नीट जा." मी त्यांच्या मानेला हात लावला नाही. रातकिड्याचं सगळं शास्त्र त्यांना मी शिकवलं होतं. न गाणारा, न खाणारा, उबेला टेकलेला... तिन्ही गोष्टी माझ्यासमोर दीड हातावर बसल्या होत्या, आणि मी त्यांना आरोग्याचं पत्रक वाचून दाखवत होते. दुसरा माणूस तो हा.

मामा आठला सुटले, शेअर रिक्षानं आणि पुढे चालत दिघाशीला गेले. मंगळवारी सकाळी परत आले. का आलात असं मुश्ताकभाईंनी विचारलं, तर म्हणाले, बदली नाही, बॉयलर टाकून कसं चालेल. बारा वाजता पडले.

हॉस्पिटलात तरुण डॉक्टर होता, सभ्य होता, घाईत होता. त्यानं नडगीवरचं फडकं सोडलं आणि तोंड फिरवून नर्सशी काहीतरी बोलला. जंतू रक्तात पसरलेत, रक्तदाब सापडत नाही, असं मला सांगितलं. मग विचारलं, "ताप कधीपासून आहे?" साधा प्रश्न. मी, सुमनमामी आणि मुश्ताकभाई, तिघं उभे होतो. कोणालाच सांगता येईना. मुश्ताकभाई म्हणाले, "साहब, इनका बदन तो हमेशा गरम रहता है, बॉयलर पे हैं." मामी म्हणाल्या, "कामावरनं येतात तवा अंग तापल्यालंच असतं वो. नेहमीचंच. काल येऊन झोपले. मला वाटलं दमले." डॉक्टर म्हणाला, जेवत होते का? आणि मामी लगेच म्हणाल्या, खात्रीनं म्हणाल्या, "जेवले व्हते ना. काल डबा रिकामा आला व्हता. म्हनून तर मी काय बोलले न्हाय. डबा उरला असता तर मी त्यांना सोडलं नसतं कामावर."

मी तिथे उभी होते. मी बोलले नाही.

पहाटे मामा गेले. सोमवारी रात्री डबा भरलेला घरी गेला असता तर मामा वाचले असते का, हे मला माहीत नाही, डॉक्टरलाही मी विचारलेलं नाही. एक दिवस मिळाला असता. दिघाशीतल्या घरात मामींना नवऱ्याचा ताप कळायची एकच खूण होती, आणि ती मी धुऊन, पुसून पिशवीत ठेवली होती.

दहाव्याला मी मामींना सांगितलं. मागच्या पडवीत, भांडी घासताना. त्यांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. मला वाटलं, आता ऐकावं लागेल, आणि ऐकायची माझी तयारी होती. त्या म्हणाल्या, "तू खाल्लास व्हय? ...बरं झालं. वाया न्हाय गेला." आणि परत पातेलं उचललं. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. मी तक्रार दिली. कामगार कचेरीतल्या साहेबानं मला विचारलं, मृत्यू कामावर झाला का? नाही, हॉस्पिटलात. अपघात झाला का? पायात ढलपी गेली. त्याची नोंद आहे का? नाही. बदली मागितल्याचा कागद? तोंडी. साक्षीदार? मी तिघांची नावं सांगितली, तिघांनी माना खाली घातल्या. मुश्ताकभाई त्यातले एक. मी त्यांच्यावर चिडले, तेव्हा ते म्हणाले, "बेटी, तेरे मामा ने मेरे लिए मशीन रोका था. मेरे पास रोकने को कुछ नहीं है." सुपरवायझरला मी समोर जाऊन विचारलं. तो म्हणाला, त्यांनी नीट सांगायला हवं होतं, मला काय माहीत एवढं सिरीयस आहे. मी म्हटलं, बदली मागितली तेव्हाच सांगितलं. तो म्हणाला, बदली तर सगळेच मागतात. तो खोटं बोलत नव्हता, आणि त्याचाच मला जास्त संताप येतो. शेड दोन दिवस बंद होतं. तिसऱ्या दिवशी नवा बॉयलरवाला आला.

किडा उबेला जातो तेव्हा ऊब त्याच्या कामी येते, कधीकधी तो वाचतो. मामा उबेला गेले, तर त्या उबेनं त्यांचा ताप आम्हा सगळ्यांपासून लपवला. एवढाच फरक. गेल्या आठवड्यात मी शेडमध्ये गेले होते, मामांचा परीक्षेचा कागद आणायला. स्टूल तिथंच आहे, रेघेच्या पलीकडेच, कोणी मागे ओढलेलं नाही. त्याच्यावर नवा माणूस बसतो. त्याला वाटतं जागा तीच. रेघ सूत गुंडाळलेल्या बीमच्या ट्रॉल्यांखाली जवळजवळ पुसून गेली आहे. मी मुश्ताकभाईंना म्हटलं, दसऱ्याला तुम्ही ओढाल का? ते म्हणाले, "देखेंगे." म्हणजे नाही. ढिगात रातकिडे होते, गात होते, मी कितीतरी वेळ भिंतीवर एखादा दिसतो का ते बघत उभी राहिले. नव्या माणसानं विचारलं, काय शोधताय ताई? मी म्हटलं, काही नाही. मग त्याला विचारलं, जेवलात का? तो म्हणाला, हो. मी म्हटलं, डबा दाखवा. तो हसला, त्याला वाटलं मला भूक लागलीय. त्यानं झाकण उघडून उरलेली अर्धी भाकरी पुढे केली.

माझ्या पत्रकाच्या शेवटी नेहमी मागणी असते, मालकाकडे किंवा सरकारकडे. ती मागणी मी केलेली आहे, त्याचं उत्तर आलेलं नाही आणि येईल असं मला वाटत नाही. म्हणून ही मागणी तुमच्याकडे, हा कागद वाचणाऱ्याकडे करते. तुमच्या हाताखाली माणसं असतील. कारखान्यात, दुकानात, गोदामात, घरात. त्यांतल्या एखाद्याच्या कामाची जागाच अशी असेल की तिथे त्याचं दुखणं दिसणार नाही. त्याला 'बरं आहे ना' असं विचारू नका, तो हो म्हणेल. उद्या दुपारी त्याचा डबा उघडून बघा. भरलेला असेल तर तो तुम्ही खाऊ नका. त्याला त्याच्या डब्यासकट घरी पाठवा, हजेरी लावून.